पानाचा पत्ता

ग्रंथातील एखादा उतारा दुसऱ्यास दाखवावयाचा असेल, तर त्याचा ठावठिकाणा सांगावा लागतो. ‘अमुक पृष्ठ पाहा’ असे आपण सहज म्हणतो. परंतु ज्या पुस्तकाची पाने स्थिरच नाहीत, त्यातील उताऱ्याचा पत्ता कसा द्यावा? ई-पुस्तकांनी हा प्रश्न आपल्यापुढे उभा केला आहे. त्याचे उत्तर मात्र सोळाव्या शतकातील एका मुद्रक पितापुत्रांनी देऊन ठेवले आहे.

ई-पुस्तकांचे मुख्य प्रकार दोन. अॅडोबी कंपनीने १९९३ साली आणलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षराची जागा कायमची ठरलेली असते. छापील पान जसेच्या तसे दिसते. पण लहान पडद्यावर ते वाचताना डोळे शिणतात. २००७ साली मान्यता पावलेल्या ईपब प्रकारात मजकूर प्रवाही असतो. वृद्ध वाचकाने अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात आणि पाने वाढतात. वाचनाची ही मोठीच सोय होय. मात्र एकाचे चाळिसावे पान दुसऱ्याचे साठावे ठरते.

हस्तलिखितांच्या काळीही हीच अडचण होती, कारण कोणत्याही दोन प्रतींची पाने सारखी नसत. तेराव्या शतकाच्या आरंभी बायबलची आज रूढ असलेली अध्याय-विभागणी झाली; तिचे श्रेय स्टीफन लँग्टन यांना दिले जाते. पुढे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली ग्रीक नव्या कराराच्या आवृत्तीत वचनांना क्रमांक दिले. हा क्रमांक कागदाला नव्हे, मजकुराला चिकटलेला होता. म्हणूनच भाषा बदलली, आकार बदलला, तरी तो टिकला.

त्याचा पुत्र आंरी याने १५७८ साली प्लेटोचे समग्र ग्रंथ छापले. त्या आवृत्तीचे पृष्ठांक विद्वानांत इतके रूढ झाले, की आजही प्लेटोच्या नव्या आवृत्त्यांच्या समासात ते छापले जातात. पित्याने वचनाला क्रमांक दिला. पुत्राच्या बाबतीत पृष्ठांकच मजकुराची खूण बनला.

आपल्या भाषेतही याचे उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली प्रथम रोमी लिपीत छापले गेले. सतराव्या शतकातील त्याच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा प्रसिद्ध झाले, नंतर देवनागरीतही आले. मूळ पाने हरपली. पण अवस्वरू आणि ओवी सांगितली की अभ्यासकाला नेमके स्थळ सापडते.

ईपबमध्येही छापील पानांच्या खुणा प्रवाही मजकुरात गुंफण्याची सोय आहे. किंडलनेही प्रारंभी केवळ स्थानांक दिले. छापील पुस्तकाशी जुळणारे पृष्ठांक २०११ साली आले. पण ही सोय आपोआप होत नाही, प्रकाशकाने ती करावी लागते. छापील आवृत्ती नसेल, तर परिच्छेदांना क्रमांक द्यावेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे दस्तऐवज अशाच क्रमांकांनी उद्धृत केले जातात.

आपल्या गावांचे, चर्चेसचे, बोलींचे इतिहास यापुढे ई-पुस्तकांच्या रूपाने निघतील. त्यांतील विधान उद्याच्या अभ्यासकाला पडताळून पाहता आले पाहिजे. ज्या विधानाचे स्थळ दाखविता येत नाही, ते कितीही खरे असले तरी ऐकीव गोष्टीच्याच पंक्तीला जाऊन बसते.