शिलेदाराचा घोडा

मराठी लष्करी कागदांत बारगीर व शिलेदार हे शब्द शेजारीं शेजारीं आढळतात, आणि वाचक त्यांस स्वारांच्या दोन पायऱ्या समजून पुढें जातो. आमच्या मतें हा भेद पायरीचा नसून कराराचा आहे. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा. तो पडला तर तोटा सरकारास. शिलेदार घोडा व हत्यारें स्वतःचीं आणी आणि ठरलेला ऐवज घेई. घोडा मेला तर नुकसान त्याचें. मग रणांत त्यानें घोडा जपला, तर त्यास भित्रा कसें म्हणावें? शिवछत्रपतींनीं ही मेख ओळखली होती, असें १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासद बखरीवरून दिसतें. तींत पागा बळकट व शिलेदार पागेच्या हुकमतीखालीं, अशी व्यवस्था सांगितली असून २५ बारगिरांवर एक हवालदार आहे, व तितक्याच घोड्यांस एक पखाल आणि एक नालबंद. पुढें पेशवाईंत शिलेदारांचा भरणा वाढला. त्या काळच्या हिशेबांतील ‘नालबंदी’ ही नालांची मजुरी नव्हे. स्वारीपूर्वीं शिलेदारास दिलेली ती आगाऊ रक्कम होय. संग्राहकांनीं असे कागद किरकोळ खर्चाचे म्हणून बाजूस टाकूं नयेत, ही विनंति.