कित्तूरचे १२८ वाहिन्यांचे केंद्र

जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे अवघ्या १२८ वाहिन्यांचे एक दूरध्वनी केंद्र सुरू झाले. आकाराने ते किरकोळ होते. पण त्याची संपूर्ण रचना भारतीय अभियंत्यांनी केली होती आणि त्याला वातानुकूलनाची गरज नव्हती. या दुसऱ्या गोष्टीचे मोल समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

२८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्त्यात पहिले दूरध्वनी केंद्र उघडले, तेव्हा त्याचे ग्राहक ९३ होते. जोडणी माणसाच्या हाताने होई. पुढे स्ट्रोजर पद्धतीची स्वयंचलित केंद्रे आली. तबकडी फिरवताच तारेतून विद्युत्स्पंद जात आणि प्रत्येक स्पंदागणिक केंद्रातील निवडक-यंत्राचा दांडा एकेक पायरी पुढे सरके. ‘पाच’ हा अंक म्हणजे पाच स्पंद, पाच पावले. शेकडो दांड्यांच्या खटखटाटाने ही केंद्रे सतत वाजत असत.

हलणारा भाग झिजतो. धूळ आणि दमटपणा त्याचे वैरी. त्यामुळे चुकीची जोडणी, मध्येच तुटणारे संभाषण आणि बंद पडलेली वाहिनी हा शहरी ग्राहकांचा नित्याचा अनुभव होता. नव्या जोडणीसाठी लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत असत. खेड्यांपर्यंत तर दूरध्वनी क्वचितच पोहोचे.

यावरचा उपाय अंकीय केंद्र हा होता. त्यात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिला जातो. म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. जोडणीसाठी काहीही हलत नाही, फक्त बिटांचा क्रम बदलतो. परंतु परदेशी केंद्रे मोठ्या शहरांसाठी आणि थंड खोल्यांसाठी घडवलेली होती. भारतात दूरध्वनी थोडे, पण प्रत्येकावर संभाषणांचा भार मोठा; शिवाय उष्मा, धूळ आणि बेभरवशाची वीज.

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली ती याच प्रश्नासाठी. सॅम पित्रोदा हे तिच्यामागचे प्रमुख प्रेरक. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये ही तिची मर्यादा. मोठ्या शहरी केंद्रांना ठरल्यापेक्षा अधिक काळ लागला आणि त्यावर टीकाही झाली. मात्र कमी उष्णता निर्माण करणारे छोटे केंद्र यशस्वी ठरले. त्याच तंत्राचे खासगी शाखाकेंद्र उत्पादकांना देण्यात आले आणि कार्यालये, कारखाने, हॉटेले यांतील जुन्या जोडफलकांची जागा अंकीय यंत्रांनी घेऊ लागली.

केंद्र अंकीय झाले, तरी तेथून घरापर्यंतची तांब्याची तार आवाजाचा जुना, सलग विद्युत्प्रवाहच वाहत राहिली. आज तिची जागा प्रकाशतंतू घेत आहे. कित्तूरला सुरू झालेल्या कामाचा हा उरलेला अखेरचा टप्पा होय.