मुंबईची पहिली फोटोमंडळी

बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावू लागून दीडच वर्ष झालं होतं आणि मुंबई विद्यापीठ निघायला अजून अवकाश होता, तेव्हा म्हणजे ऑक्टोबर १८५४मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ उभी राहिली. लंडनची अशी संस्था तरी कुठे जुनी होती? ती १८५३ची. कलकत्ता आणि मद्रास या शहरांना १८५६ उजाडावं लागलं. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष होते कॅप्टन हॅरी बार. लष्करी अधिकारी, कंपनी सरकारचे नोकर अशा साहेबलोकांच्या या मंडळात डॉ. भाऊ दाजी लाडही होते.

पेडण्याजवळच्या मांद्रे गावातून आलेले भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर. पण त्यांचा अर्धा जीव शिलालेखांत आणि जुन्या नाण्यांत. त्यांचे बंधू नारायण दाजीही त्याच कॉलेजचे डॉक्टर, आणि कॅमेऱ्याचा खरा नाद होता तो त्यांना. त्यांची छायाचित्रं प्रदर्शनांत मांडली गेली आणि पुढे ते मंडळाच्या कार्यकारिणीवरही आले.

डॉक्टरांना या छंदाची रसायनं नवी नव्हती. १८५१मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवरच्या छायाचित्रणासाठी वापरलेलं कलोडियन त्याआधीच दवाखान्यात आलेलं होतं; जखमेवर ते लावलं की पातळ पापुद्रा धरे. डाग देण्याच्या औषधातलं सिल्व्हर नायट्रेटही तिथलंच. छायाचित्रकार आधी काच घासून लख्ख करी. तिच्यावर कलोडियन ओतून, काच तिरकी करत ते चारही कोपऱ्यांपर्यंत पोचवी. ते चिकट झालं की अंधारात काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओलीच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. मुंबईच्या उकाड्यात कलोडियनमधलं ईथर भराभर उडून जाई, त्यामुळे सगळी लगीनघाई. बोटांवर काळे डाग पडत ते वेगळेच. असा उद्योग एकट्याने करण्यापेक्षा चार जणांच्या अनुभवावर करणं केव्हाही शहाणपणाचं. म्हणून मंडळ निघालं, १८५५पासून त्याचं नियतकालिकही निघालं.

दूरच्या मुलुखात जाणारे मात्र कागदी निगेटिव्हला धरून राहिले. कागद आधी तयार करून नेता येई आणि काचेसारखा फुटतही नसे. मंडळाचे एक सभासद, तोफखान्याचे कॅप्टन थॉमस बिग्ज, यांना सरकारने १८५५मध्ये पुरातन वास्तूंच्या छायाचित्रणावर नेमलं. त्यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे टिपलं. लष्कराने त्यांना परत बोलावल्यावर हे काम डॉ. विल्यम पिगू यांच्याकडे गेलं. म्हणजे पुन्हा डॉक्टरच. या छायाचित्रांचे भले थोरले ग्रंथ १८६६मध्ये छापून निघाले, तेही प्रेमचंद रायचंद आणि करसनदास माधवदास या मुंबईच्या धनिकांच्या पैशावर.

घरबसल्या पाहणाऱ्यांसाठी वेगळी सोय होती. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी मंडळाच्या आश्रयाने डिसेंबर १८५६पासून ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाचं मासिक काढलं. प्रत्येक अंकात तीन मूळ छायाचित्रं चिकटवलेली, सोबत वर्णन. देखावे, इमारती आणि पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे पेहराव. माणसं इथे बहुधा नमुना म्हणून येतात, नावानिशी क्वचितच. जॉन्सन पुढे आणखी एक पायरी चढले. १८६३ आणि १८६६मध्ये निघालेल्या पुस्तकाच्या दोन खंडांत त्यांनी स्टुडिओत काढलेली माणसं बाहेरच्या देखाव्यांवर बसवली. नीट पाहिलं तर माणूस आणि मागचा देखावा यांचं जमलेलं नाही, हे कळतं. मुंबईच्या रहिवाशांची ओळख करून देणाऱ्या पुस्तकात हे रहिवासी मागच्या देखाव्यात उभेच नव्हते!

मंडळात एतद्देशीयांना जागा मिळाली, ही मुंबईची जमेची बाजू. कलकत्त्यात १८५७मध्ये बंगाली पंडित राजेंद्रलाल मित्र यांनी गोऱ्या मळेवाल्यांवर जाहीर सभेत टीका केली, तेव्हा तिथल्या फोटोग्राफिक सोसायटीने त्यांना काढून टाकलं. निषेध म्हणून काही देशी सभासदही बाहेर पडले. कॅमेऱ्याशी त्या भाषणाचा काडीचाही संबंध नव्हता.

हौशी मंडळींच्या पाठोपाठ मुंबईत पेशाही रुजला. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली क्रॉफर्ड नावाच्या साहेबांनी छायाचित्रणाचा वर्ग घेतला. त्यातले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईच्या कोटात म्हणजे फोर्ट भागात स्टुडिओ थाटला आणि त्यांची छायाचित्रं १८६७च्या पॅरिस प्रदर्शनापर्यंत पोचली. पुढे ते मुंबईच्या आर्यसमाजाचे अध्यक्ष झाले. १८७९मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरले, तेव्हा त्यांच्या स्वागताला हेच पुढे होते. पाहुणचार झाल्यावर त्यांनी पाहुण्यांच्या हाती खर्चाचं बिल ठेवलं आणि दोस्ती तिथेच तुटली.