उशाशी बसणारी माणसे

सातारा आणि सांगली भागात विसाव्या शतकापर्यंत बहुतेक माणसे आपल्या घरीच मरत. वैद्याने हात टेकले की औषधाची जागा माणसे घेत. शेवटची घटका आली असे दिसताच आजाऱ्याला खाटेवरून खाली घ्यायचे, सारवलेल्या भुईवर घोंगडीवर निजवायचे, तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालायचे, ही हिंदू घरांतली सर्वसाधारण रीत. वारकऱ्यांकडे रात्रभर भजन चाले. अखेरीला अन्न नाकारणे हेही लोकांच्या ओळखीचे होते. १६८२ मध्ये सज्जनगडावर देह ठेवण्यापूर्वी समर्थ रामदासांनी अन्न वर्ज्य केले होते, असे संप्रदायाची परंपरा सांगते.

या अन्नत्यागाला नियमांची आणि सेवेची पक्की चौकट मात्र जैनांनी दिली. मिरज आणि वाळवा तालुक्यांत कृष्णा-वारणाकाठच्या गावांतून दिगंबर जैन शेतकऱ्यांची जुनी वस्ती आहे. त्यांच्यात सल्लेखना म्हणजेच समाधिमरण मुनींपुरते राहिले नाही. गृहस्थ स्त्री-पुरुषांनीही ते पत्करले. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’नुसार उपाय न उरलेले संकट, दुष्काळ, वार्धक्य किंवा रोग असेल तरच सल्लेखना घ्यायची. रागाच्या किंवा दुःखाच्या भरात जीव देणे या व्रतात बसत नाही आणि गुरूची अनुज्ञा लागते. मुदतीची ती नियम सल्लेखना, आमरण ती यम सल्लेखना.

शिवार्यांच्या ‘भगवती आराधना’ या प्राचीन ग्रंथातला सेवेचा भाग आजही थांबून वाचावा असा आहे. व्रत घेणारा तो क्षपक आणि त्याला सांभाळणारे ते निर्यापक. हे निर्यापक अठ्ठेचाळीस असावेत, अगदीच अडचण असेल तर दोन तरी असावेतच, असे ग्रंथ सांगतो. कामेही वाटून दिलेली आहेत: कोणी कूस बदलायची, कोणी धर्मकथा सांगायची, कोणी मलमूत्र उचलायचे, कोणी दारात थांबून येणाऱ्यांना आवरायचे. मरणाऱ्याला एकटे सोडायचे नाही, हा या सगळ्या व्यवस्थेचा गाभा आहे. व्रताबद्दल मतभेद असू शकतात. शुश्रूषेचा इतका बारीक विचार जुन्या वाङ्मयात विरळाच.

आधुनिक काळातले सर्वांत प्रसिद्ध समाधिमरण आचार्य शांतिसागर यांचे. ते मूळचे बेळगाव भागातल्या भोज गावचे. त्यांना आचार्यपद मिळाले ते १९२४ मध्ये, सांगलीजवळच्या समडोळीत. उतारवयात त्यांची दृष्टी मंदावली. पायाखालचा जीव दिसत नाही, तेव्हा अहिंसाव्रत पाळायचे कसे, या विचाराने त्यांनी १४ ऑगस्ट १९५५ रोजी कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली. सव्विसाव्या दिवशी त्यांनी मराठीतून दिलेला अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित झाला. १८ सप्टेंबरला, छत्तिसाव्या दिवशी त्यांचे निधन झाले.

त्याच्या कितीतरी आधी मिरजेत वेगळेच पर्व सुरू झाले होते. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये या भागात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे रुग्ण रेल्वेने तिथे येऊ लागले. पुढे वॉन्लेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढेच हाती होते. बरे होणे ज्यांच्या नशिबी नव्हते, त्यांच्यासाठी ते शेवटच्या शुश्रूषेचेच ठिकाण ठरले असणार.

१९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढच्या काळात मिरज, सांगली, कराड आणि सातारा येथे मोठी रुग्णालये वाढली. जगणारे वाढले, आणि त्याबरोबर आयसीयूच्या काचेआड, नात्यातल्या कोणाचा हात हातात नसताना मरणारेही वाढले. आशा संपली की नातेवाईक ‘डामा’च्या, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या, कागदावर सही करून रुग्णाला गावी नेतात. मरण घरी यावे ही ओढ त्यामागे असते, कधी संपलेला पैसाही असतो. वेदनेवरचे औषध मात्र बहुधा रुग्णालयातच राहते.

ही उणीव भरून काढणारी शाखा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. मुंबईत १९८६ मध्ये शांती आवेदना सदन आणि पुण्याजवळ वारजे येथे १९९७ मध्ये सिप्लाचे केंद्र सुरू झाले. अमली पदार्थविषयक कायद्याच्या धाकाने मॉर्फिन हे वेदनाशामक दुर्मीळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली. तरीही पाटण किंवा जतमधल्या कॅन्सरच्या रुग्णाला ते आपल्या तालुक्यात मिळणे सोपे नाही, आणि हा अन्याय आहे.

कायदाही हळूहळू बदलला. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये सल्लेखनेला आत्महत्येच्या गुन्ह्यात बसवले. देशभरच्या जैनांनी निषेध केला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली. ९ मार्च २०१८ रोजी त्याच न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून लिव्हिंग विलला, म्हणजे अखेरच्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, वैधता दिली. २०२३ च्या सुधारणेनंतर दोन साक्षीदारांसमोर केलेले लिव्हिंग विल नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. कृत्रिम उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. विल जपून ठेवणारा अधिकारी स्थानिक संस्थेने नेमायचा आहे. महाराष्ट्रात अशा नेमणुका झाल्या आहेत.

पुढचा प्रश्न माणसांचा आहे. साताऱ्याची तरुण पिढी गिरण्यांच्या काळापासून मुंबईला जाते, खानापूर-आटपाडीची कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. गावात म्हातारे उरतात. त्यांची कूस बदलण्याचे काम यापुढे आशा कार्यकर्ती, पगारी मावशी आणि फिरत्या पथकातली परिचारिका यांच्याकडे येणार. त्यांना या कामाचे शिक्षण, पुरेसा मोबदला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मॉर्फिनचा साठा द्यावा लागेल.