बीपीचा ‘खालचा’ आकडा कुठून आला?

“डॉक्टर, वरचं किती, खालचं किती?” बीपी मोजून झालं की हा प्रश्न ठरलेला. पण हे दोन आकडे वैद्यकाला एकदम मिळाले नाहीत. ‘खालचं’ दवाखान्यात यायला आणखी नऊ वर्षं लागली.

१७३३ मध्ये स्टीफन हेल्स या इंग्लिश पाद्र्याने घोडीच्या धमनीला उभी काचेची नळी जोडून केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. नळीत रक्त आठ फुटांच्याही वर चढलं होतं. माणसावर हे करणं अर्थातच शक्य नव्हतं.

धमनी न कापता दाब मोजायची सोपी युक्ती १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी दिली. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, त्यात हवा भरायची आणि मनगटाची नाडी लागेनाशी झाली की पारा किती चढलाय ते पाहायचं. आपण बीपी अजूनही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतो. मात्र यात फक्त वरचा आकडा कळे. शिवाय पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद असल्याने तोही जास्त यायचा. १९०१ मध्ये जर्मनीच्या रेकलिंगहाऊझेन यांनी रुंद पट्टा वापरून ही चूक दाखवली. (जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आजही नेमकं हेच होतं. तुमचा दंड जाड असेल तर मोठा पट्टा जरूर मागा.)

१९०५ मध्ये रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी नाडी चाचपण्याऐवजी कोपराच्या खळगीत स्टेथोस्कोप ठेवला. हवा सोडताना पहिला ठोका ऐकू येतो ते वरचं, आवाज बंद होतो ते खालचं. एवढा मोठा शोध, पण त्यांचं टिपण एक पानभरही नव्हतं!

आजची इलेक्ट्रॉनिक यंत्रं आवाज ऐकत नाहीत, पट्ट्यातली सूक्ष्म थरथर टिपतात. पण यंत्र कोणतंही असो, एकदाच १५० आलं म्हणून लगेच ‘बीपीचा पेशंट’ हा शिक्का मारून घेऊ नका. पाच मिनिटं शांत बसून, वेगवेगळ्या दिवशी मोजून दवाखान्यात १४०/९० किंवा घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहिलं, तर निदान पक्कं. अपवाद एकच: बीपी १८० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलण्यात अडखळणं असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, थेट हॉस्पिटल गाठा.