गवताळ प्रदेशातील वन्य सस्तन प्राणी : ओळख व निरीक्षण

जेथे पाऊस थोडा, माती उथळ व वृक्ष विरळ असतात, तेथे आखूड गवताचे विस्तीर्ण माळ आढळतात. उत्तर अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पूर्वेस पसरलेली आखूड गवताची प्रेअरी हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील नासिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), पुणे, सोलापूर व धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) या जिल्ह्यांतील माळराने याच प्रकारची आहेत. प्रेअरीतील प्राँगहॉर्न व कोयोट यांचे स्थान येथे काळवीट, चिंकारा, लांडगा व खोकड यांनी घेतले आहे.

निरीक्षणाची रीत प्रदेशानुसार कशी बदलते, हे ठाणे जिल्ह्यातील खर्डी (ता. शहापूर) आणि घाटापलीकडील माळ यांच्या तुलनेने स्पष्ट होते. खर्डीच्या परिसरात वर्षाकाठी २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. साग व ऐन यांचे पानझडी वन आणि पावसाळ्याअखेर उंच वाढणारे गवत यांमुळे प्राणी क्वचितच नजरेस पडतो. त्याची ओळख पाऊलखुणा, विष्ठा व आवाज यांवरून पटवावी लागते. भेकराचे भुंकणे ऐकू येते, पण भेकर दिसत नाही. लगतच्या तानसा अभयारण्यात (स्थापना १९७०) बिबट्या, भेकर व रानडुक्कर हे प्राणी आहेत. कसारा घाट चढून इगतपुरीच्या पूर्वेस जावे, तसतसा पाऊस झपाट्याने घटतो व गवत घोट्याएवढे होते. तेथे प्राणी दुरूनही दिसतो. मात्र प्राण्यालाही निरीक्षक तितक्याच दुरून दिसतो.

इतिहास : माळावरील प्राण्यांचे पहिले जाणकार शिकारी व मेंढपाळ होते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात मृगयेचे अनेक प्रकार वर्णिले असून चित्त्याकरवी केल्या जाणाऱ्या शिकारीचाही उल्लेख आहे. फासेपारधी माणसाळलेल्या गाईबैलाच्या आडोशाने हरणांच्या कळपाजवळ जात व फासे मांडीत. चित्तेपारधी चित्ते पकडून संस्थानिकांना पुरवीत. धनगरांना लांडग्याच्या सवयी कळपाच्या रक्षणासाठी जाणून घ्याव्या लागत. हे ज्ञान लेखनिविष्ट झाले नाही. परंतु प्राण्यांची मराठी नावे त्यातूनच आली.

शास्त्रीय नोंदींचा आरंभ विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) या लष्करी अधिकाऱ्यापासून होतो. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्यांची सांख्यिकी निवेदक म्हणून नेमणूक केली. दख्खनच्या दौऱ्यांत जमविलेल्या सामग्रीवरून त्यांनी दख्खनमधील सस्तन प्राण्यांची सूची तयार केली. ती लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात १८३१ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतीय लांडगा (कॅनिस पॅलिपिस) व चिंकारा (अँटिलोप बेनेट्टाय, आता गॅझेला बेनेट्टाय) यांचे प्रथम शास्त्रीय वर्णन याच सूचीत आहे. साइक्स यांनी प्राण्यांची मराठी नावेही नोंदविली. खोकडाला त्यांनी दिलेले ‘कॅनिस कोकरी’ हे नाव मराठी नावावरूनच घेतलेले होते. परंतु शॉ यांनी १८०० मध्ये या प्राण्याचे वर्णन अगोदरच केलेले असल्याने ते टिकले नाही. कोळसुंद्याला दिलेले ‘दुखुनेन्सिस’ हे नाव उपजातीसाठी योजले गेले.

पुढे टी. सी. जर्डन यांचा भारतीय सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ (१८६७) व डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांचे खंड (१८८८–९१) यांनी वर्गीकरणास स्थैर्य आणले. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची देशव्यापी पाहणी हाती घेतली. तिचा आरंभ खानदेशातून झाला, सी. ए. क्रम्प यांनी तेथे नमुने गोळा केले. या पाहणीचा भर कातडी व कवट्या जमविण्यावर होता. त्यामुळे उंदीर, घुशी, वटवाघळे यांसारख्या लहान प्राण्यांचे ज्ञान वाढले. एस. एच. प्रेटर यांच्या १९४८ मधील भारतीय प्राण्यांवरील पुस्तकाने सामान्य वाचकास जिवंत प्राणी ओळखण्याचे साधन दिले. मराठीत मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी आपल्या लेखनातून व कोशकार्यातून बोलीतील प्राणिनामे जतन केली.

ओळख : काळवीट (अँटिलोप सर्व्हिकॅप्रा) नराचा रंग वरून गडद तपकिरी ते काळा, खालून पांढरा व डोळ्याभोवती पांढरे वलय असते, शिंगे पिळदार असतात. मादी पिंगट व बहुधा बिनशिंगी असते. चिंकारा आकाराने लहान असून त्याची खांद्यापाशी उंची सु. ६५ सेंमी. असते. याच्या मादीलाही बारीक शिंगे असतात. काळी शेपटी सतत हलत असते. काळवीट कळपाने, तर चिंकारा एकेकटा किंवा लहान गटांत दिसतो. चौशिंगा मात्र झाडोऱ्याच्या आश्रयाने राहतो. चार शिंगे फक्त नराला असतात.

लांडगा व कोल्हा यांत नवख्या निरीक्षकाची गल्लत होते. लांडगा उंच व लांब पायांचा असतो. कोल्हा त्याच्या सु. दोन-तृतीयांश उंचीचा असून त्याचे पाय आखूड असतात. खोकड सर्वांत लहान. त्याच्या झुपकेदार शेपटीचे टोक काळे असते, ही निश्चित खूण होय. तरसाची पाठ मागे उतरती, अंगावर आडवे पट्टे व मानेवर आयाळ असते. पाऊलखुणांत त्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा उमटतो. हाडे खाल्ल्यामुळे वाळलेली विष्ठा पांढरी पडते. श्वानकुलातील प्राण्यांच्या ठशांत नखे उमटतात, मांजरकुलातील प्राण्यांच्या ठशांत सहसा उमटत नाहीत.

निरीक्षण : पहाट व सायंकाळ या वेळा उत्तम. निरीक्षकाने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे व क्षितिजरेषेवर उभे राहू नये. काळवीट व चिंकारा ठराविक जागी लेंड्या टाकतात. अशा जागांवरून त्यांचा वावर कळतो. खोकडाचे अनेक तोंडांचे बीळ दुरूनच पाहावे. पिल्ले असलेल्या बिळाजवळ गेल्यास मादी त्यांना अन्यत्र हलविण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर केली जाणारी प्रगणना महाराष्ट्राच्या अभयारण्यांत रूढ आहे. अलीकडे स्वयंचलित कॅमेऱ्यांचाही वापर होतो.

संरक्षण : एकोणिसाव्या शतकापासून वनप्रशासनाची दृष्टी मुख्यतः इमारती लाकडावर राहिली. वृक्ष नसलेला माळ महसुली दप्तरात ‘पडीक’ ठरला आणि त्यावरील प्राणी हिशेबाबाहेर राहिले. भारतातील अखेरचे चित्ते १९४७ मध्ये मारले गेल्याचे मानले जाते. १९५२ मध्ये हा प्राणी देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. आफ्रिकेतून आणलेले चित्ते २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये काळवीट, चिंकारा व लांडगा यांना संरक्षण मिळाले. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकासाठी ८,४९६ चौ. किमी.चे अभयारण्य घोषित झाले. त्यात गावे व शेतीही आल्याने ते पुढे सु. १,२२२ चौ. किमी.वर आणले गेले. रेहेकुरी (१९८०) येथील काळवीट अभयारण्य अवघे २.१७ चौ. किमी.चे, तर चिंकाऱ्यासाठी राखलेले मयूरेश्वर-सुपे (१९९७) ५.१४ चौ. किमी.चे आहे.

माळावर ग्लिरिसिडियासारखी झाडे लावल्याने जमीन हिरवी दिसते, परंतु नजर व वेग यांवर जगणाऱ्या काळविटाचा अधिवास नाहीसा होतो. कालव्याचे पाणी व ऊस यांनीही माळ आकसला. लांडगा तर संरक्षित क्षेत्रांत सामावतच नाही. तो मेंढपाळांच्या वाटांवर व गायरानांत राहतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासानुसार भारतीय लांडग्याचा वंश जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक आहे. साइक्स यांनी ज्या प्राण्याचे वर्णन दख्खनच्या माळावरून केले, तो टिकावयाचा तर माळ हा माळ म्हणूनच राखला गेला पाहिजे.