धावपटूचा द्रव्याश्रय

पेशवाईत खलिते पोहोचविणाऱ्या कासिदास मजलीचा अजुरा मिळे आणि कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या आश्रयाने मल्लांच्या खुराकाची तजवीज होत असे. देहकष्टाने कमावलेल्या कौशल्याबद्दल द्रव्य स्वीकारण्यात काही कमीपणा आहे, ही कल्पना आपल्या मुलुखात रुजलेली नव्हती. ती आली विलायती क्रीडासंस्थांच्या नियमांबरोबर. ऑलिंपिकच्या हौशीपणाच्या नियमानुसार धावण्याबद्दल पैसा घेणारा अपात्र ठरे. आणि ज्यांस उदरनिर्वाहाची विवंचना नाही, अशांच्याच सोयीचा हा नियम होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा विस्मित झाले आणि यांचा वेग युरोपियनांच्या जवळपास जातो, हे ध्यानी येताच पुढील वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी चमू पाठविण्याचा त्यांनी संकल्प केला. परंतु बोटीचे भाडे, परमुलखातील मुक्काम, सरावाची व्यवस्था, हे सारे ज्याच्या घरी सुगीवर वर्षाचा हिशेब चालतो, त्याने कोठून करावे? टाटांनी पदरमोड केली, सरकारी खजिन्यातूनही साहाय्य मिळाले, आणि म्हणूनच बेळगावचे फडेप्पा चौगुले त्या पावणेत्रेचाळीस किलोमीटरांच्या, म्हणजे आजच्याहूनही लांब पल्ल्याच्या, मॅरेथॉन शर्यतीत उभे राहू शकले. २ तास ५० मिनिटांत त्यांनी ती पुरी केली व एकोणिसावा क्रमांक मिळविला. या क्रमांकाचा आपल्याकडे व्हावा तितका गौरव झालेला नाही, याचा मला खेद वाटतो.

त्या शर्यतीत पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन. बारा वर्षांनी त्याचाच देशबंधू पाव्हो नुर्मी लॉस एंजेलिसला मॅरेथॉन धावण्यास सिद्ध झाला असता, जर्मनीच्या दौऱ्यात प्रवासखर्चाच्या नावाखाली जादा रक्कम घेतल्याच्या आरोपावरून त्यास मज्जाव झाला.

बोस्टनची मॅरेथॉन तर १८९७ पासूनची. ती सात वेळा जिंकणारा क्लॅरेन्स डीमार छापखान्यात खिळे जुळवून पोट भरीत असे. पुढे नामांकितांना गुपचूप पैसे देण्याची चाल अन्यत्र पडली, तरी बोस्टनने रोख बक्षिसाची प्रथा स्वीकारली ती १९८६ साली, तीही नामवंत धावपटू पाठ फिरवू लागल्यावर. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट डी कॅस्टेला यास बक्षीस व विक्रमाचा बोनस मिळून ६०,००० डॉलर आणि वर एक मोटार मिळाली.